कुहली लोच: रात्री जागणाऱ्या माशासाठी टँक कसा लावावा

कुहली लोच घेणाऱ्या नवख्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते: "सहा आणले, दुसऱ्या दिवसापासून एकही दिसत नाही." दहापैकी नऊ वेळा सहाच्या सहा मासे टँकमध्ये धडधाकट असतात. हा मासा दिवसा लपतो आणि दिवे मालवल्यावर बाहेर येतो. दिवसभर समोर नाचणारा मासा हवा असेल, तर गप्पी किंवा टेट्रा घ्या. रात्री जेवणं आटोपल्यावर टँकसमोर पंधरा मिनिटं बसायची सवय असेल, किंवा लावून घ्यायची तयारी असेल, तर याच्यासारखा मासा नाही.

दुकानात याला कुली लोच किंवा स्नेक लोच म्हणतात. अंग बारीक, लांबट, पिवळसर-गुलाबी आणि त्यावर गडद तपकिरी पट्टे. तोंडाभोवती छोट्या मिशा असतात. पूर्ण वाढ झाली की साधारण 8 ते 10 सेंटीमीटर भरतो. पट्टे नसलेला, चॉकलेटी-काळा लोचही मिळतो. तो वेगळ्या जातीचा आहे, पण निगा तीच, आणि दोघं एकमेकांत आनंदानं राहतात. कुहली लोच म्हणून विकले जाणारे बहुतेक मासे प्रत्यक्षात पँजिओ सेमिसिंक्टा या जातीचे असतात. त्यानं आपल्याला काही फरक पडत नाही.

हे मासे मूळचे मलाय द्वीपकल्प, सुमात्रा, बोर्निओ या भागातले. जंगलातले संथ ओढे, तळाशी मऊ वाळू, त्यावर कुजणाऱ्या पानांचा थर, पाणी चहाच्या रंगाचं, वर झाडांची दाट सावली. टँक लावताना हे चित्र डोळ्यांपुढे ठेवलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. याचे भाऊबंद आपल्याकडेही आहेत. पँजिओ गोएन्सिस ही जात 1972 मध्ये गोव्यातूनच नोंदली गेली. केरळात कोझिकोड जिल्ह्यातल्या एका विहिरीत सापडलेला, जमिनीखालच्या पाण्यात राहणारा लोच 2019 मध्ये जाहीर झाला, त्याचं नाव पँजिओ भुजिया. ही नावं वाचून कुणी ओढ्यात जाळं घेऊन उतरू नये. टँकसाठी दुकानातलाच मासा आणावा.

टँक आणि झाकण

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँक घ्या. त्यात कडेपर्यंत सुमारे 56 लिटर पाणी मावतं. वाळू, दगड, लाकूड वजा जाता हातात 45 लिटरच्या आसपास उरतं. सहा लोचांना आणि वर फिरणाऱ्या आठ-दहा छोट्या माशांना तेवढं पुरे. उंच आणि अरुंद टँक दिवाणखान्यात शोभतो, पण तळाशी राहणाऱ्या माशाला उंचीचा काय उपयोग? त्याला तळाचं क्षेत्रफळ हवं. गोल बाउलचा तर विचारही नको.

झाकण घट्ट हवं. "घट्ट" याचा अर्थ दुकानदाराचा आणि कुहलीचा एक नाही. फिल्टरचा पाइप, हीटरची वायर, हवेची नळी जिथून आत जाते तिथे झाकणाला खाच असते. करंगळी शिरेल एवढ्या फटीतून हा मासा बाहेर पडू शकतो, विशेषतः नव्या टँकमधल्या पहिल्या काही रात्री. प्रत्येक खाचेत फिल्टरच्या स्पंजचा तुकडा कापून बसवा आणि पाण्याची पातळी काठापासून दोन बोटं खाली ठेवा.

वाळू, लपायच्या जागा, उजेड

तळाला बारीक, गुळगुळीत वाळूच हवी. हा मासा वाळूत तोंड खुपसतो, ती कल्ल्यांतून चाळतो, कधी अर्ध्या अंगानं आत शिरून नुसतं डोकं बाहेर ठेवून बसतो. रंगीत खडी, संगमरवराचे तुकडे, धारदार काचखडे यांनी त्याच्या मिशा झिजतात. झिजलेल्या मिशांचा लोच अन्न शोधू शकत नाही आणि हळूहळू खंगतो. बांधकामाची नदीची वाळू चालते, पण आधी पिठाच्या चाळणीनं चाळा आणि बादलीत पाणी नितळ दिसेपर्यंत धुवा. मग चमचाभर वाळूवर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर वाळूत चुना किंवा शिंपल्यांचा चुरा आहे आणि ती पाणी जड करत राहील. तशी वाळू घेऊ नका. थर तीन-चार सेंटीमीटरचा पुरे. फार जाड थरात खालच्या भागात हवा पोचत नाही आणि तिथे घाण सडते.

आता मुख्य मुद्दा. मासा दिसावा म्हणून लोक लपायच्या जागा कमी करतात, आणि तो आणखी दिसेनासा होतो. घाबरलेला लोच एका कोपऱ्यात दगडाखाली घुसतो आणि तिथून हलत नाही. याउलट चार पावलांवर आडोसा आहे अशी खात्री असेल, तर तोच मासा संध्याकाळी दिवा चालू असतानाही फेरी मारून जातो. म्हणून जागा भरपूर करा. अर्धी करवंटी कडेला खाच पाडून पालथी घाला. अर्धा इंची पीव्हीसी पाइपचे बोटभर लांबीचे तुकडे कापून, कडा पॉलिश पेपरनं घासून, वाळूत अर्धवट पुरा. चार-पाच तुकडे ठेवलेत तरी सगळे एकाच तुकड्यात दाटीवाटीनं कोंबून बसलेले आढळतील, त्याची काळजी करू नका. लाकूड, चपटे दगड चालतील. दगड मात्र वाळूवर न ठेवता थेट काचेच्या तळावर टेकवा, म्हणजे मासा खाली उकरत गेला तरी दगड त्याच्या अंगावर येणार नाही.

देशी बदामाची वाळलेली पानं या माशासाठी फार कामाची आहेत, आणि मुंबई-कोकणात तर सोसायटीच्या आवारात फुकट पडलेली असतात. झाडावरची हिरवी नकोत. स्वतःहून गळलेली, तपकिरी झालेली, औषधफवारणी नसलेल्या झाडाखालची घ्या. धुऊन वीस-पंचवीस लिटरला एक पान टाका. पाण्याला फिका चहाचा रंग येतो, सामू थोडा उतरतो आणि पानाखाली लोचांना आवडीची जागा मिळते. तीन-चार आठवड्यांत पान जाळीदार झालं की काढून नवं टाका. पाण्याचा रंग काहींना खटकतो. माशांना आवडतो.

वनस्पतींमध्ये जावा मॉस, जावा फर्न, अनुबियास, क्रिप्टोकोरिन यांना उजेड कमी लागतो आणि माती उकरली गेली तरी त्या टिकतात. वर थोडी तरंगती वनस्पती असावी, तिची सावली पडते. दिवा आठ तासांपेक्षा जास्त नको. रात्री मासे बघण्यासाठी अगदी मंद लाल किंवा निळा एलईडी लावा. खोलीतला मोठा दिवा बंद करून वीस-तीस मिनिटं थांबा. मोबाइलच्या टॉर्चचा झोत टाकलात तर क्षणात सगळे गुडुप होतील.

फिल्टर

सुरुवातीला एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर घ्या. स्वस्त, धुवायला सोपा, आणि यात मासा अडकत नाही. मोटरचा फिल्टर घ्यायचाच असेल, तर पाणी ओढणाऱ्या तोंडावर स्पंजची टोपी चढवा. कुहली त्या तोंडाच्या फटींतून आत सरकतो आणि फिल्टरच्या डब्यात जाऊन राहतो. हरवलेला लोच फिल्टर उघडल्यावर सापडला, ही गोष्ट लोच पाळणाऱ्या बहुतेकांकडे असते. खडीखाली बसवायचा जुन्या पद्धतीचा प्लेट फिल्टर या माशासाठी नकोच. मासा प्लेटच्या खाली शिरतो आणि महिनोन्महिने तिथेच राहतो.

पाणी

तापमान 24 ते 28 अंश. सामू 6 ते 7, थोडा वर गेला तरी चालतो. पाणी मऊ असावं. धरणाचं नळाचं पाणी मिळणाऱ्या मुंबई-पुण्यासारख्या शहरांत बहुधा अडचण येत नाही. बोअरवेलचं पाणी असेल तर आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या मीटरनं तपासा. आकडा 500-600 वर गेला तर आरओचं पाणी मिसळून तो 200 च्या आसपास आणा. निव्वळ आरओचं पाणी वापरू नका. त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि सामू अचानक घसरू शकतो.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढायला बादलीत एअर स्टोन सोडून ते चोवीस तास ठेवा, किंवा दुकानातलं अँटिक्लोरीनचं द्रावण बाटलीवरच्या मात्रेनं घाला. पावसाळ्यात पालिका क्लोरीन वाढवते. नळाला वास येत असेल त्या दिवसांत द्रावण घातल्याशिवाय पाणी टँकमध्ये जाऊ देऊ नका.

आणि आता तो भाग, जो सगळ्यांना टाळायचा असतो. टँक भरल्याबरोबर मासे सोडायचे नाहीत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते तुलनेनं निरुपद्रवी, आणि पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वसायला तीन ते सहा आठवडे लागतात. तोवर फिल्टर अखंड चालू ठेवा आणि रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाका, म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळेल. ओळखीच्या कुणाचा जुना निरोगी टँक असेल, तर त्यातल्या स्पंजचा तुकडा मागून आणा, काम लवकर होतं. थेंबांची टेस्ट किट घ्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं, की टँक तयार. दुकानदार म्हणेल, "काही होत नाही, आजच घेऊन जा." त्याला होत नाही, हे खरं आहे.

कुहलीच्या बाबतीत हे जास्त जपायचं, कारण त्याचे खवले अतिशय बारीक असतात आणि त्वचा जवळजवळ उघडी असते. पाण्यातला दोष आधी त्याच्या अंगावर येतो.

मासे निवडणं

एकटादुकटा लोच घेऊ नका. सहा हा कमीत कमी आकडा समजा, आठ-दहा मिळाले तर फारच छान. हे मासे एकमेकांशी भांडत नाहीत, हद्द राखत नाहीत. एकमेकांच्या अंगावर गुंता करून पडून राहतात. एकटा ठेवलेला लोच वर्षभर दगडाखाली काढतो.

बाजारातले बरेचसे कुहली अजूनही निसर्गातून पकडलेले असतात. प्रवासात दिवसेंदिवस उपाशी राहिलेले असतात. दुकानात गेल्यावर पोट बघा. बाजूनं पाहिल्यावर पोट आत गेलेलं आणि डोकं अंगापेक्षा मोठं वाटत असेल, तर तो मासा सोडा. मिशा शाबूत आहेत का, अंगावर पांढरे ठिपके किंवा लाल चट्टे आहेत का, हेही पाहा. माल कधी आला ते विचारा. कालच आला असेल तर आठवडाभर थांबून जा, जे टिकतील ते घ्या.

दुकानदार मोठ्या भोकांची जाळी घेऊन आला तर त्याला थांबवा. कुहलीच्या डोळ्याखाली एक बारीक काटा असतो, संकटात तो उभा राहतो आणि जाळीत अडकतो. सोडवायला ओढाताण केली की मासा जखमी होतो. बारीक विणीची मऊ जाळी वापरायची, किंवा प्लॅस्टिकच्या पेल्यात हाकून घ्यायचा. घरीही हेच.

घरी आणल्यावर दिवा बंद करा. पिशवी पंधरा मिनिटं पाण्यावर तरंगू द्या. मग दर दहा मिनिटांनी पेलाभर टँकचं पाणी पिशवीत घाला, असं पाऊण तास. शेवटी मासे पेल्यानं उचलून टँकमध्ये सोडा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता. आधीपासून मासे असलेल्या टँकमध्ये सोडणार असाल, तर नवे लोच दोन-तीन आठवडे वेगळ्या, झाकण असलेल्या डब्यात स्पंज फिल्टरसह ठेवा. या काळात चांगलं खाऊनही एखादा बारीकच राहिला तर पोटात जंत असण्याची शक्यता असते. माशांसाठीचं जंतनाशक जाणत्या माणसाला विचारून द्या.

शेजारी कोण?

हार्लेक्विन रासबोरा, एम्बर टेट्रा, निऑन टेट्रा हे वरच्या आणि मधल्या थरात राहणारे, छोट्या तोंडाचे मासे उत्तम. तळाशी कोरीडोरा (छोटे कॅटफिश) चालतात, चेरी श्रिंपही, फक्त श्रिंपची पिल्लं अधूनमधून खाल्ली जातील. टायगर बार्ब नकोत, ते टोचतात. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न आणि बाकी सिक्लिड तर नकोतच. मोठा एंजेल बारीक लोचाला अळी समजून गिळू शकतो. गोल्डफिशला थंड पाणी लागतं आणि तोंडात मावेल ते तो खातो.

खाणं

सगळ्यात जास्त लोच भुकेनं मरतात, आणि ती भूक मालकाच्या लक्षात येत नाही, कारण टँकमध्ये खाद्य तर रोज पडत असतं. ते खाली पोचण्याआधी टेट्रा संपवतात. लोच उरलंसुरलं खाऊन जगतो, हा गैरसमज आहे. त्याला स्वतःचं जेवण लागतं.

संध्याकाळी वरच्या माशांना त्यांचं खाद्य द्या. दिवा बंद झाल्यावर अर्ध्या तासानं तळाला जाणारे बारीक पेलेट करवंटीजवळ आणि पाइपच्या तोंडाशी टाका. पेलेट छोटे हवेत, कारण याचं तोंड खाली वळलेलं आणि अगदी लहान असतं. मोठी गोळी दिलीत तर ती भिजून विरघळेपर्यंत मासा तिला ढकलत बसतो. आठवड्यातून दोनदा फ्रोझन ब्लडवर्म किंवा डाफ्निया द्या. सहा लोचांना एका क्यूबचा पाव तुकडा पुरतो. तो पेलाभर पाण्यात विरघळवून, लांब पिपेटनं किंवा सुई काढलेल्या सिरिंजला नळी लावून थेट तळाशी सोडा. जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) यांना फार आवडतात, पण ते बहुधा गटारातून येतात आणि सोबत रोग आणतात. मी देत नाही.

सकाळी वाळूवर खाद्य उरलेलं दिसलं तर मात्रा कमी करा. लोचांची पोटं सपाट दिसली तर वाढवा. पोट कसं आहे हे रात्री, ते काचेवर चढलेले असताना खालच्या बाजूनं छान दिसतं.

आठवड्याचं काम

दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला. नळी वाळूत खुपसू नका, वाळूच्या किंचित वरून फिरवा, नाहीतर वाळूसकट लोचही ओढला जाईल. काढलेलं पाणी थेट मोरीत न सोडता बादलीत घ्या आणि ओतण्याआधी बादलीत नीट पाहा. फिल्टरचा स्पंज याच बादलीतल्या पाण्यात पिळा. नळाखाली धुतलात तर क्लोरीननं जिवाणू मरतात आणि टँक पुन्हा पहिल्यापासून तयार करावा लागतो.

उन्हाळ्यात पाणी 30 अंशांवर जाऊ लागलं की पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडा. झाकणाच्या जागी त्या वेळी मच्छरदाणीची जाळी ताणून बसवा. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पंख्यानं पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं, किनाऱ्याच्या दमट हवेत तेवढं नाही. तिथे बर्फाची बंद बाटली तरंगवा. हिवाळ्यात रात्री पाणी 22 च्या खाली जात असेल तर हीटर लागेल. वीज जाण्याचा त्रास असलेल्या गावात बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा.

घाबरवणाऱ्या, पण नेहमीच्या गोष्टी

लोच कुशीवर पडलेला, कधी चक्क उलटा, हालचाल नाही. झोपला आहे. काच आणि पान यांच्या फटीत उभा अडकल्यासारखा दिसतो, तोही झोपलेलाच. अधूनमधून सरळ वर जाऊन हवेचा घोट घेतो आणि खाली येतो, हेही नेहमीचं. हा मासा आतड्यातूनही हवा शोषून घेऊ शकतो. पण सगळेच लोच सारखे वर-खाली पळत असतील, पुन्हापुन्हा हवा घेत असतील, तर लगेच अमोनिया-नायट्राइट तपासा, पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला आणि हवा वाढवा.

मासे मोजायचा मोह टाळा. त्यासाठी दगड उचलून, पाइप हलवून टँक उसकटला की पुढचे चार दिवस कुणीच बाहेर येत नाही. रात्री मंद उजेडात जेवढे दिसतील तेवढे खूप. कुजका वास, गढूळ पाणी किंवा अचानक वाढलेला अमोनिया असेल, तरच शोध घ्या, आणि सुरुवात फिल्टरपासून करा.

अंगावर साबुदाण्यापेक्षाही बारीक पांढरे ठिपके आले तर तो इक नावाचा रोग. तापमान दोन दिवसांत हळूहळू 30 पर्यंत न्या, हवा वाढवा आणि मॅलाकाइट ग्रीन असलेलं औषध द्यायचं तर बाटलीवरच्या अर्ध्या मात्रेनं. तांबं असलेली औषधं या माशाला सोसत नाहीत. मूठभर मीठ टाकायचा घरगुती उपायही इथे नको.

नीट ठेवलेला कुहली दहा वर्षं सहज जगतो. जुन्या, भरपूर झाडोरा असलेल्या टँकमध्ये क्वचित अंडी घालतो. मादी भरली की पातळ त्वचेतून आतली हिरवट अंडी दिसतात. अंडी पडल्यावर मोठे मासेच बरीचशी खाऊन टाकतात, वाचलेली पिल्लं स्पंजच्या आडोशाला किंवा फिल्टरच्या डब्यातल्या गाळात वाढतात. म्हणून फिल्टर धुतल्यावर तो गाळ फेकण्याआधी पांढऱ्या टबमध्ये पसरवा आणि पाच मिनिटं थांबून काही वळवळतंय का बघा.